चेकरबाईचा संशय

रेजिना अचायो कुणाशीही बोलायला लागली की आधी त्याच्या हातांकडे बघायची. तोंडाची पाळी नंतर. बावीस वर्षं तिनं गुलू ते कंपाला बसमध्ये तिकिटं तपासली होती, आणि तेवढ्या काळात तिची एक खात्री पटली होती. तोंडाला खोटं बोलायची सवय असते, हातांना नसते. फुकट्या प्रवासी झोपेचं सोंग घ्यायचा, घोरायचासुद्धा, पण मांडीवरची त्याची बोटं टक्क जागी असायची.

बस कंपनी बंद पडली तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुलगे कंपालात. ओलेम गावात रस्त्याला लागून दोन खोल्या आणि मागं भुईमुगाचा तुकडा, एवढ्यावर तिचं बरं चाललं होतं. गावात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. लहानथोर सगळे ‘चेकरबाई’ म्हणत, आणि तिला ते आवडायचं.

जिल्ह्याचा प्रोबेशन अधिकारी ओजारा एक दिवस मोटरसायकल लावून तिच्या अंगणात आला. पस्तिशीचा, घामाघूम, काखेत फायलींचा गठ्ठा.

“मेगो,” तो म्हणाला. मोठ्या बाईला आईच्या मानानं हाक मारायची तिथली ती रीत. “तुम्ही बसमधून पोरं उतरवायचात असं ऐकलंय.”

“कुणी सांगितलं?”

“सगळेच सांगतात. एका बाईबरोबर तीन पोरी होत्या म्हणे, कंपालाला नेत होती.”

“तिघींच्या पायात एकसारख्या नव्या चपला होत्या,” अचायो म्हणाली. “सख्खी मावशी कधी तीन जोड एका दिवशी घेते का? पण तुझं काम काय ते बोल.”

काम असं होतं. एखादं पोर पोलिसांनी धरलं की ठाण्यात त्याच्याजवळ जाऊन बसायचं. त्याचे आईबाप, चुलते, कुणी असतील ते शोधायचे. रिमांड होमला जाऊन त्याची खबर घ्यायची, मुलांच्या कोर्टात त्याच्या शेजारी बसायचं आणि आपण जे पाहिलं ते लिहून द्यायचं. कायद्यात अशा माणसाला ‘योग्य व्यक्ती’ म्हणतात, ओजारानं सांगितलं.

“पगार?”

“नाही.”

“नाही म्हणजे?”

“ओळखपत्र मिळेल. कोर्टाच्या दिवशी चहा.”

फुकट काम सांगणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं अचायोला वाटलं. तिनं त्याचंच ओळखपत्र मागून घेतलं, उलटसुलट करून पाहिलं, फोटोतला कान आणि खरा कान ताडून बघितला. मग म्हणाली, “मंगळवारी येते. पटलं नाही तर बुधवारी येणार नाही.”

ती चार वर्षं जात राहिली. गावानं तिला काही सोडलं नाही. पलीकडच्या घरातली म्हातारी विहिरीवर सगळ्यांना सांगायची, “फुकट? गोरे लोक तिला पोरामागं डॉलर मोजतात. नाहीतर ही बाई आणि फुकट?” भाजीवाल्या तिच्या पिशवीत डोकावून बघत. एकीनं तर आपल्या नातवाला तिच्यासमोरून हाताला धरून आत नेलं. अचायोला त्याचा राग आला नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही हाच संशय आला असता, असं ती मनाशी म्हणायची.

अनेनाची केस आली ती उन्हाळ्यात. चौदा वर्षांची पोर, मादाम फिलोच्या घरी कामाला. मादाम फिलोचं गावात हार्डवेअरचं दुकान, मागं राहतं घर, भोवती उंच भिंत आणि फाटकावर वॉचमन. दुकानाच्या कोठीतून सोलरची एक मोठी बॅटरी आणि तिचं यंत्र गेलं. कुलूप फोडलेलं नव्हतं. कोठीची किल्ली सापडली अनेनाच्या चटईखाली, त्यामुळं पोलिसांनी आणखी कुणाकडे पाहिलंच नाही.

पोरीनं ‘मी घेतलं’ असंही म्हटलं नाही आणि ‘मी नाही घेतलं’ असंही म्हटलं नाही. महिनाभर ती रिमांड होममध्ये होती. अचायो तीनदा जाऊन आली. पोर घेवड्याच्या वाफ्यात बसून तण उपटायची आणि विचारलेल्या प्रश्नाला डोकं हलवायची.

“तुझं कोण आहे?”

मान नाही म्हणून हलली.

“आई?”

मान हललीच नाही. अचायोनं ते टिपून ठेवलं.

“एवढी जड बॅटरी तू एकटीनं उचललीस?”

अनेनाचे हात वाफ्यात थांबले. क्षणभरच. मग पुन्हा तण उपटायला लागले. अचायोच्या मनात पाल चुकचुकली. ही पोर कुणाला तरी पाठीशी घालतेय, हे तिला तिथंच कळलं. कुणाला, ते कळलं नाही.

तारखेच्या दिवशी एक बाई आली. चाळिशीची, धुऊन विरलेला निळा पोशाख, हातात फडक्यात बांधलेली टोपली. “मी अनेनाची आई,” ती दारातल्या शिपायाला म्हणाली. “पोरीला न्यायला आलेय.” नाव सांगितलं लामारो. गावच्या पंचायतीच्या चेअरमनचं पत्रही आणलं होतं, गोल शिक्क्यासकट.

ओजाराचा चेहरा उजळला. आई मिळाली म्हणजे हमीवर पोर सुटणार, केस पुढं चालेल तशी चालू दे. पण अचायो त्या बाईकडे बघतच राहिली. एक महिना ही कुठं होती?

कोर्ट बसायच्या आधी व्हरांड्यात लामारोनं टोपली सोडली. रताळी आणि तिळाच्या वाटणातली हिरवी भाजी. अनेना खाली बसली आणि न बोलता खायला लागली, अगदी ओळखीच्या चवीचं खावं तशी. अचायोनं वाकून पाहिलं. भाजीत सुकी मासळी नव्हती. त्या भागात पाहुण्याला, आजाऱ्याला, कैद्याला द्यायचं जेवण मासळीशिवाय कुणी करत नाही. अनेनाच्या कुळाला मासा वर्ज्य होता. हे अचायोला माहीत होतं, कारण रिमांड होमच्या स्वयंपाकिणीनं त्यावरून कटकट केली होती. म्हणजे या बाईलाही माहीत होतं.

मग पोर उठली, तेव्हा लामारोचा हात तिच्या डोक्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. जसा काही त्याला पुढं जायची परवानगी नव्हती. आईचा हात असा थांबत नाही, अचायोला वाटलं.

मुलांचं कोर्ट म्हणजे मागची एक खोली. उंच आसन नाही, काळे डगले नाहीत, दोन टेबलं जोडलेली आणि भोवती खुर्च्या. मॅजिस्ट्रेट बाईंनी पत्र वाचलं, अनेनाला विचारलं, “ही तुझी आई?”

अनेनानं आधी लामारोकडे पाहिलं. मग म्हणाली, “हो.”

“चेकरबाई, तुमचं काही?”

अचायो उभी राहिली. “एकच विचारायचंय. मुलगी जन्मली कुठं?”

“छावणीत,” लामारो म्हणाली. “तेव्हा सगळीच पोरं छावणीत जन्मली.”

“कुठल्या छावणीत?”

लामारोनं नाव सांगितलं.

“या पत्रात अनेनाच्या बापाचं गाव लिहिलंय,” अचायो म्हणाली. “त्या गावच्या लोकांना लढाईत नदीपलीकडच्या छावणीत टाकलं होतं. तू सांगतेस ती अलीकडची. सैनिक पूल ओलांडू देत नव्हते. मग तू बाळंत झालीस ती नवऱ्याला, सासूला सोडून एकटी?”

खोलीत सगळे त्या वर्षांतून गेलेले होते. कोण कुठल्या छावणीत होतं हे तिथं कुणी विसरत नाही. लामारोचे हात पोशाखाच्या घडीत गेले आणि बाहेर आले नाहीत.

मॅजिस्ट्रेट बाईंनी पत्र बाजूला ठेवलं. चौकशी करा म्हणाल्या, दोन आठवड्यांनी तारीख. अनेनाला परत न्यायला गाडी आली. चढताना तिनं वळून अचायोकडे सरळ पाहिलं, पहिल्यांदाच. त्या नजरेत आभार मुळीच नव्हते.

“आणखी चौदा दिवस,” ओजारा दात ओठ खात म्हणाला. “आज सुटली असती.”

“खोट्या तिकिटावर सोडू?”

“ती पोर आहे हो, बॅग नाही.”

“बॅग असती तर सोडली असती,” अचायो म्हणाली.

तिला वाटलं होतं, लामारो एव्हाना पसार झाली असेल. भामटे पकडले गेले की थांबत नाहीत. पण लामारो व्हरांड्यात बसून भांडी आवरत होती.

“कुणी पाठवलं तुला?” अचायोनं तिच्यासमोर उभं राहून विचारलं. “कुणाला पोर पोचवायची होती? कंपालाला की सीमेपलीकडं जुबाला?”

“मेगो, तुम्ही सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. दोन रताळी उरलीत.”

“मला तुझं काही नको.”

“बरं,” लामारो म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन चालू लागली. पळाली नाही. त्यानं अचायोचा संशय आणखीच वाढला.

तिसऱ्या दिवशी ती, ज्या गावच्या चेअरमननं पत्र दिलं होतं त्या गावी निघाली. मोटरसायकलवाला पोरगा बोलघेवडा होता.

“चेकरबाई, आज कुणाचं तिकीट फाडायचंय?”

“तुझं. ब्रेक लावून बघ आधी, लागतात का ते.”

“लागतात हो. कधीकधी.”

चेअरमन ओकोत सावलीत खुर्ची टाकून बसला होता. शिक्का माझाच, सही माझीच, म्हणाला. लामारो अनेनाची आई? हो तर. मग बोलता बोलता त्यानं टोपी काढली, घातली, पुन्हा काढली. विहिरीवरच्या बायकांना विचारलं, त्याही म्हणाल्या, हो, आईच. एका म्हाताऱ्याला विचारलं, तो म्हणाला, “आईच असणार. कोर्टात सांगितलंय ना तसं?”

सगळं गाव एका सुरात बोलत होतं, आणि बसमध्ये सगळे प्रवासी एका सुरात बोलायला लागले की चेकरनं डिकी उघडून बघायची असते, हे अचायोला पक्कं ठाऊक होतं. कुठंतरी पाणी मुरत होतं. ती लामारोच्या घराच्या मागच्या बाजूनं गेली. दोरीवर कपडे वाळत होते. त्यात पुरुषाचं एक जाड खाकी जाकीट. पाठीवर पांढऱ्या रंगात मादाम फिलोच्या दुकानाचं नाव.

अचायोनं शेजारच्या अंगणात ज्वारी निवडणाऱ्या बाईला हळूच विचारलं, “हिचा नवरा काय करतो गं?”

“ओदोच? वॉचमन होता. गेला जुबाला.”

“कधी?”

“महिना होईल. वर दहाएक दिवस.”

बॅटरी जाऊन एक महिना दहा दिवस झाले होते. अचायोच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख उभं राहिलं. फाटकावरचा वॉचमन बॅटरी घेऊन गेला. पोरीनं पाहिलं. आता त्याची बायको आई बनून आली आहे, ती साक्षीदाराला आपल्या घरात नेऊन तिचं तोंड बंद करायला. आणि गाव गप्प आहे कारण ओदोच गावचा आहे. आपण त्या दिवशी उठून बोललो नसतो तर?

ती तशीच ठाण्याकडे जायला वळली. मोटरसायकलीपर्यंत पोचली सुद्धा. तिथं मात्र ती थांबली.

बसमधल्या बावीस वर्षांत तिनं अकरा वेळा पोरं उतरवली होती. दहा वेळा तिचं बरोबर निघालं होतं. अकराव्या वेळी तिनं एका तरुण बाईला चार वर्षांच्या मुलासकट उतरवलं. मूल रडत होतं, बाई नुसती गप्प होती, काही विचारलं तर तोंडातून शब्द फुटेना. अचायोनं बस पुढं पाठवली आणि तिला ठाण्यात बसवून ठेवलं. संध्याकाळी कळलं की ती खरीच आई होती. नवऱ्याला मूठमाती द्यायला निघाली होती. पोचली तेव्हा थडग्यावर माती पडून गेली होती. त्या बाईनं अचायोला एक शिवीसुद्धा दिली नाही. अचायोनं ही गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, ओजारालाही नाही.

“काय झालं?” मोटरसायकलवाल्यानं विचारलं.

“थांब इथंच.”

ती सरळ लामारोच्या अंगणात गेली. लामारो भुईमूग सोलत बसली होती. अचायो तिच्यासमोर जमिनीवर बसली.

“बॅटरी तुझ्या नवऱ्यानं नेली.”

लामारोचा चेहरा उतरला, पण ती सोलत राहिली. “हो,” ती म्हणाली.

इतक्या सहज ‘हो’ येईल अशी अचायोची तयारी नव्हती.

“आणि पोरीला तू घरी आणून काय करणार होतीस?”

“जेवायला घालणार होते.”

“मला मूर्ख समजतेस?”

“तुम्हाला काय समजायचं ते मला अजून कळलेलं नाही,” लामारो म्हणाली. मग सांगायला लागली, थांबत थांबत. मादाम फिलो लहानसहान चुकीसाठी पोरीला जेवणाशिवाय अंगणात काढायची. ओदोचच्या फाटकाजवळच्या खोपटात ती येऊन बसायची. लामारो रोज दिवस मावळताना नवऱ्याचं जेवण घेऊन जायची, ती दोघांचं नेऊ लागली. पहिल्या दिवशी पोरीनं मासळी पाहून ताट बाजूला सारलं, म्हणाली, आमच्यात चालत नाही. तेव्हापासून लामारो तिची भाजी वेगळी काढायची. दीड वर्षं असं चाललं. मग ओदोचनं बॅटरी नेली आणि किल्ली पोरीच्या चटईखाली सारली.

“तिनं पाहिलं?”

“पाहिलं.”

“मग बोलली का नाही?”

“तिला वाटतं, ती बोलली तर माझा संसार मोडेल.” लामारोनं शेंग फोडली. “मोडायचं काय राहिलंय? तो तर गेलाच. पण ते तिला कोण सांगणार? मला भेटू देत नव्हते. म्हणाले, नातेवाइकांनाच भेटता येतं. म्हणून आई झाले.”

“आणि तू का नाही बोललीस पोलिसात?”

“भ्यायले.”

“चोरी व्हायच्या आधी तुला माहीत होती का?”

अचायोनं तिच्या हातांवर नजर रोखली. हात शेंगा फोडत होते, दाणे टोपलीत, टरफलं बाजूला. थांबले नाहीत, घाईत आले नाहीत. लामारो म्हणाली, “नव्हती.” आणि अचायोला आयुष्यात पहिल्यांदा कळेना की हे खरं की खोटं.

“कोर्टात येऊन हे सगळं सांगशील?”

“मला धरतील?”

“ते मला माहीत नाही. खोटं पत्र दिलंस, त्याचं काहीतरी होईलच. मी तुला खोटा भरवसा देणार नाही.”

लामारोनं पुढची शेंग उचलली. अचायो उठली, साडेतीन वाजले होते, आणि मोटरसायकलवाला झोपला होता.

दुसऱ्या दिवशी ती रिमांड होमला गेली. अनेना तिला पाहून उठलीच नाही.

“लामारोनं मला सांगितलं,” अचायो म्हणाली. “ओदोचचं.”

“तुम्ही तिला धमकावलं.”

“नाही.”

“तुम्ही पोलिसांच्या आहात.”

“पोलिसांची नाही मी.”

“मादामच्या?”

“तिचीही नाही.”

“मग कुणाच्या?” पोरीनं विचारलं.

अशी उलटतपासणी अचायोची आजवर कुणी घेतली नव्हती. ती म्हणाली, “तू खरं सांगितलंस तर ते कोर्टात सांगायची जबाबदारी माझी. तेवढीच मी कामाची.”

पोरीनं तिला नखशिखांत निरखलं. मग म्हणाली, “आई आहे माझी. आरुआला. दुसरा नवरा आहे, दोन लहान आहेत. तिला कळवू नका.”

कळवणं भाग होतं. ओजारानं फोन लावला. उत्तर आलं की पोरगी बापाच्या कुळाची आहे, त्यांना विचारा. बापाच्या भावांना विचारलं तर ते म्हणाले, बाप मेला, पोर आईबरोबर गेली होती, आईला विचारा. ओजारानं दोन्ही उत्तरं फायलीत एकाखाली एक लिहिली.

तारखेच्या दिवशी अचायो लवकर येऊन बसली. लामारो येणार नाही, अशी तिची खात्री होती. आपण तिला सावध करून सोडलं, चेकरच्या नोकरीत असं केलं असतं तर घरी पाठवलं असतं. दहा वाजले, साडेदहा वाजले. मादाम फिलो येऊन बसली होती, डोक्याला मोठा रुमाल बांधून. मॅजिस्ट्रेट बाई फाईल उघडत होत्या तेव्हा दारात निळा पोशाख दिसला. लामारो चालत आली होती, पाय घोट्यापर्यंत धुळीनं लाल.

तिनं उभ्या उभ्या सांगितलं. मी आई नाही. चेअरमनकडून पत्र मी रडून घेतलं. बॅटरी माझ्या नवऱ्यानं नेली, किल्ली त्यानं ठेवली, पोरीनं पाहिलं आणि माझ्यासाठी गप्प बसली. मध्ये कुठं थांबली नाही. अनेना मात्र ऐकताना रडायला लागली. इतक्या दिवसांत तिला कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

“दोघी मिळालेल्या आहेत!” मादाम फिलो उसळून म्हणाली. “नवरा, बायको आणि ही पोर. माझ्या घरातलं खाऊन माझंच घर लुटलं!”

“घरातलं खाऊन?” अनेना म्हणाली. एवढंच. मॅजिस्ट्रेट बाईंनी ते ऐकलं आणि मादामला पोरीच्या जेवणाखाण्याविषयी, झोपायच्या जागेविषयी असे काही प्रश्न विचारले की तिचा रुमाल घामानं भिजला.

अनेनावरची केस काढून टाकली. ओदोचच्या नावानं तक्रार नोंदवायला सांगितली. चेअरमनला बोलावून असा झाडला की पुढं सहा महिने तो कागदावर शिक्का मारताना हात आखडता घ्यायचा. लामारोला पोलिसांनी दिवसभर बसवून जबाब घेतला आणि सोडलं.

राहिला प्रश्न पोरीचा. मॅजिस्ट्रेट बाईंनी अचायोचा अहवाल मोठ्यानं वाचला. चार ओळींचा होता. ‘या बाईनं कोर्टाला खोटं सांगितलं. चोरी तिला आधी माहीत होती की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही. माझा तिच्यावर पूर्ण विश्वास नाही. पण या मुलीसाठी इथं दुसरं कुणीही आलेलं नाही, आणि मुलगी तिच्याकडे जायला तयार आहे.’

“म्हणजे द्यायची की नाही?” मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं.

अचायोनं लामारोच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, “द्या. पण मी बघायला जाणार. वार सांगणार नाही.”

पोर एक वर्ष लामारोकडे ठेवायचा हुकूम झाला. अचायो कधी सोमवारी जायची, कधी शनिवारी, कधी लागोपाठ दोन दिवस. झोपायची चटई उचलून बघायची. पोरीचं दप्तर बघायची, वहीत मास्तरांची सही आहे का ते बघायची. लामारो म्हणायची, “भांड्यात पण बघा, माणूस असेल.” अचायो बघायचीही.

चौथ्या महिन्यात तिला दाराशी चिखलानं भरलेले रबरी बूट दिसले, मोठे, पुरुषी मापाचे. तिनं मनाशी म्हटलं, ओदोच परतला. घरात कुणी नव्हतं. ती समोरच्या झाडाखाली बसून राहिली. दोन तास गेले. ऊन कलायला लागलं, शेजारीण दोनदा पाणी विचारून गेली. शेवटी अनेना पाणथळीतल्या भाताच्या रोपांची जुडी घेऊन अनवाणी आली, अचायोला पाहून थबकली, आणि सरळ जाऊन तिनं त्या बुटांत पाय घातले. आत चिंध्या कोंबल्या होत्या.

“शाळेतून वाटले,” ती म्हणाली. “लहान माप संपलं होतं. तुम्ही कधीपासून बसलाय?”

“आत्ताच आले,” अचायो म्हणाली.

“शेजारीण म्हणते दोन तास.”

“शेजारणीचं घड्याळ बिघडलंय.”

पोर मोठ्यानं हसली. अचायोनं नोंदवहीत लिहिलं, ‘बूट. शाळेचे. मास्तरांना विचारून खात्री करणे.’ आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन विचारलंही. खरं होतं.

ओदोच परत आला नाही. बॅटरीही मिळाली नाही. वर्ष संपलं, ओजारानं फाईल बंद केली. अनेना सातवीत गेली, गणितात कच्ची आणि बोलण्यात पक्की. अचायोचं जाणं थांबलं नाही. फक्त आता ती चटई उचलत नसे. वार मात्र अजूनही सांगत नसे.

त्या पावसाळ्यात कोर्टाला आणखी माणसं हवी होती. ठाण्यात मुलांजवळ बसायला कुणी पुढं येत नव्हतं. ओजारानं लामारोचं नाव सुचवलं आणि रिवाजाप्रमाणे अचायोचं मत मागवलं. तिनं लेखी मत दिलं. ‘काम करण्याजोगी आहे. मुलं तिच्याजवळ बसतात. पण कोर्टापुढं एकदा खोटं बोलली आहे. तीन वर्षं थांबावं, मग विचार करावा.’

लामारोला वाचता येत नव्हतं. तिनं तो कागद अनेनाकडून वाचून घेतला. तीन वर्षं ऐकल्यावर ती एवढी हसली की तिला ठसका लागला. पुढच्या खेपेला अचायो अंगणात आली, तेव्हा लामारोनं तिला बसायला खाट ओढली आणि विचारलं, “चेकरबाई, तीन वर्षं कधीपासून धरायची? खोटं बोलले त्या दिवसापासून, की कागद लिहिलात तेव्हापासून?”

“कागदापासून,” अचायो म्हणाली आणि बसली.